घरात असेलच!

कुलूप विकत घेतलं की त्याच्याबरोबर किल्ली मिळते, याचं आपल्याला कधी आश्चर्य वाटत नाही. मला वाटलं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वाटलं, आणि तेही कुलूप नव्हे, मोबाइल फोन विकत घेतल्यावर.

गोष्ट गेल्या दिवाळीची. आमची आई वाईला एकटी राहते. वय पंचाहत्तर, तब्येत ठणठणीत, स्वभाव त्याहून ठणठणीत. तिच्याजवळ बटणांचा जुना फोन होता. त्यावर बोलता यायचं, पण नातीचं तोंड दिसायचं नाही. "नुसता आवाज काय, रेडिओवरच्या बाईचाही ऐकू येतो," असं आई एकदा म्हणाली आणि सौ.ने माझ्याकडे पाहिलं. सौ. अशी पाहते तेव्हा आमच्या खात्यात काहीतरी मोठी रक्कम नावे पडणार, हे मला कळतं. बँकेत वीस वर्षं कारकुनी केल्यावर एवढं तरी कळायलाच हवं.

तर फोन घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. ती उष्ट्या सफरचंदाची नव्हे, एवढंच सांगतो, आणि ज्यांना माझा पगार ठाऊक आहे त्यांना तेही सांगायची गरज नाही. खोका हातात आला तेव्हाच खरं म्हणजे शंका यायला हवी होती. इतका चपटा, की आत फोन आहे की फोनचा फोटो, असं वाटावं. पाडव्याला वाईत आईने त्या खोक्याला आधी हळदकुंकू वाहिलं, मग मी तो उघडला. आत फोन, एक पांढरी वायर, सिमचा कप्पा उघडायची एक टाचणी आणि वीस भाषांतलं एक माहितीपत्रक. चार्जर नाही. त्याच्या जागी झाकणाच्या आतल्या बाजूला एक हिरवं पान छापलेलं. पृथ्वीच्या रक्षणासाठी आम्ही चार्जर देत नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्याखाली होतं.

"चार्जर नाही वाटतं आत," सौ. म्हणाली.

"घरात असेलच की एखादा," मी म्हणालो. सिम नव्या फोनात घातलं, आईला हिरवं बटण आणि लाल बटण दाखवलं, आणि चारची एसटी गाठली.

वाचकहो, माझं हे वाक्य लक्षात असू द्या. मी विसरलो होतो.

एसटीत बसल्यावर मात्र मला त्या कंपनीचा राग यायला लागला. माणसाचं असंच असतं, राग नेहमी गाडीत जागा मिळाल्यावर येतो. मी सौ.ला म्हटलं, "ही शुद्ध लबाडी आहे. उद्या कुलूप किल्लीशिवाय विकतील."

"साडी कुठे परकरासकट मिळते?" सौ. म्हणाली. "फॉल वेगळा, पिको वेगळी, परकर वेगळा, आणि ब्लाउजची शिलाई ऐकलीत तर त्यात तुमचा एक शर्ट येईल. आजवर कुठल्या बाईने साडीवाल्याला कोर्टात खेचलंय?"

"पण साडी परकराशिवाय नेसता—"

"नेसून दाखवा."

एवढ्यात गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली आणि संभाषण तिथेच थांबलं. पण सौ.ने घातलेलं कोडं काही बोगद्यात राहिलं नाही. ते पुण्यापर्यंत आलं. चार्जर म्हणजे किल्ली की परकर?

दिसतो तितका हा प्रश्न सोपा नाही. गादीबरोबर पलंग मिळत नाही, बल्बबरोबर होल्डर मिळत नाही, पेनाबरोबर कागद मिळत नाही. आपण तक्रार करत नाही. पण पेनाबरोबर टोपण नसलं तर करतो. शेगडीबरोबर सिलिंडर येत नाही हे आपण मुकाट्याने सोसतो, पण तिच्यावर बटण नसेल तर शेगडी दुकानदाराच्या डोक्यात घालायला निघतो. म्हणजे वस्तू कुठे संपते आणि तिचं 'बाकीचं' कुठे सुरू होतं, याची एक रेघ आपल्या मनात असते. ती कुणी मारली, कधी मारली, देव जाणे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने हेच विचारलं होतं म्हणतात. रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी रथ हाती उरलाच नाही. फार थोर चर्चा आहे. पण माझ्यासारख्या कारकुनाच्या मनात येतं, की राजा त्या दिवशी रथातूनच आला होता. रथवाल्याने चाकं वेगळी विकली असती तर राजा पायी आला असता, दमून आला असता, आणि तत्त्वज्ञानाऐवजी आधी पाणी मागितलं असतं.

कायद्यात उत्तर असेल म्हणून बी.कॉम.चं जुनं पुस्तक काढलं. मालविक्रीचा कायदा, १९३०, कलम १६. आमचे सर ते शिकवताना नेहमी गरम पाण्याच्या रबरी पिशवीचा खटला सांगायचे. विलायतेतला, १९०३ सालचा. एका गृहस्थाने पिशवी घेतली, ती फुटली, बायको भाजली. पिशवी कशासाठी हवी हे त्याने दुकानदाराला वेगळं सांगायची गरज नव्हती, असं कोर्ट म्हणालं. गरम पाण्याची पिशवी आणखी कशासाठी घेतात? मला एकदम हुरूप आला. फोन कशासाठी घेतात हे मी तरी दुकानदाराला कशाला सांगायला हवं? तेवढ्यात खोक्याच्या कडेला मुंगीच्या अक्षरात 'आत काय आहे' याची यादी दिसली. यादीत चार्जर नव्हता. म्हणजे फसवणूक नाही. 'खरेदीदारा, सावध' हे लॅटिन वचन त्याच पुस्तकात आधीच्या पानावर होतं. रोमन साम्राज्य बुडालं, पण हे वचन दुकानदारांनी बुडू दिलं नाही.

आता कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. आमच्या बँकेतही आम्ही दोन्ही बाजू लिहितो, नावे आणि जमा. ही प्रथा जगभर गाजली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. अ‍ॅपल कंपनीने तेव्हा नवा आयफोन १२ बाजारात आणला आणि चार्जरला व कानातल्या बोंडांना खोक्यातून निरोप दिला. लोकांच्या घरी चार्जर पडलेलेच आहेत, नवे बनवून जगात कचरा कशाला वाढवायचा, खोका लहान झाला की जहाजात आणि ट्रकात एकावेळी सत्तर टक्के जास्त खोके मावतात, असा हिशेब त्यांनी मांडला. सॅमसंगने या प्रकाराची जाहीर थट्टा केली. आमच्याकडे चार्जर मिळतो बरं का, अशी. आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या एस २१ फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. शेजारणीच्या सुनेला नावं ठेवणाऱ्या बाईच्या घरात वर्षाच्या आत तशीच सून येते, त्यातला प्रकार.

हिशेब खोटा नव्हता, हे मला कबूल करायला हवं. आमच्या दिवाणखान्यातल्या टेबलाचा खालचा खण मी त्या रात्री उपसला. अकरा चार्जर निघाले. त्यांतले दोन कुठल्या यंत्राचे हे घरात कुणालाच सांगता आलं नाही, आणि एक शेजाऱ्यांचा होता. हे अकराही एक दिवस कुठल्यातरी खड्ड्यात जाणार आणि पाचशे वर्षं तसेच राहणार. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकाच जातीचं तोंड हवं असा कायदा लागू झाला आहे आणि गिऱ्हाइकाला चार्जर नको असेल तर त्याच्याविना फोन मिळाला पाहिजे, असंही त्यात आहे. शहाणपणाचा कायदा आहे. आधी सगळ्यांची तोंडं एक करा, मग वाटायचं थांबा.

इथे उलटं झालं होतं. अ‍ॅपलने २०२० च्या त्या खोक्यात जी वायर घातली होती, तिचं एक टोक नव्या जातीचं होतं. ज्या जुन्या चार्जरांच्या भरवशावर चार्जर काढला, त्यांतल्या बहुतेकांत ते टोक जात नव्हतं. जुना चार्जर घरात, नवी वायर खोक्यात, आणि दोघांची पत्रिका जुळेना. मग नवा चार्जर विकत घ्या, आपल्याकडे तेव्हा १,९०० रुपये. तो पुन्हा वेगळ्या खोक्यात. किंमत म्हणाल तर अमेरिकेत आदल्या वर्षीचा फोन ६९९ डॉलरांपासून होता, हा ७९९ पासून. नवा फोन आतूनही नवा होता हे मान्य. पण चार्जर गेला म्हणून कुणी दोन डॉलर हातावर परत ठेवले नाहीत.

काटकसर वाईट, असं माझ्यासारखा मध्यमवर्गीय माणूस कोणत्या तोंडाने म्हणेल? आमच्या घरात गिफ्टचे कागद इस्त्री करून पुन्हा वापरतात. पण आम्ही ते पृथ्वीसाठी करतो असं पाहुण्यांना सांगत नाही. खर्च वाचला तो कंपनीच्या खात्यात जमा, चार्जर घ्यावा लागला तो गिऱ्हाइकाच्या नावे, आणि पुण्य? तेही कंपनीच्याच जमेला! एकाच व्यवहारात दोनदा जमा दाखवणारा कारकून आमच्याकडे निलंबित होतो.

ब्राझीलने असा कारकून पकडला. तिथल्या न्याय मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकायला बंदी केली आणि अ‍ॅपलला सव्वा कोटी रेआलच्या आसपास दंड ठोकला. फ्रान्सची तऱ्हा आणखी न्यारी. फोन डोक्याजवळ धरू नये म्हणून तिथे कानातली बोंडं देण्याची कायद्याने सक्ती होती. तेव्हा अ‍ॅपलने फ्रान्समध्ये आपला सडपातळ खोका एका मोठ्या खोक्यात घातला आणि उरलेल्या जागेत बोंडं. कचरा वाचवण्यासाठी खोक्यावर खोका! जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सने ती सक्ती उठवली, तेव्हा कुठे तो वरचा खोका गेला असेल.

असा मी जगभर न्याय करत हिंडत होतो. ऑफिसातही मधल्या सुट्टीत याच विषयावर बोलायचो. माझ्या लहानपणी, १९८७ च्या सुमाराला, एका काकांनी मला सेलवर चालणारी गाडी आणली होती. सेल आणले नव्हते. खोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण काकांचं आणि इंग्रजीचं फारसं जाणं-येणं नव्हतं. वडील म्हणाले, पगार झाला की आणू. मी ती गाडी पंधरा दिवस तोंडाने चालवली. पुढे सेल आले, गाडी आपोआप चालायला लागली, आणि मला कळेना की आता आपण काय करायचं. ही आठवण सांगितली की ऑफिसात सगळे हसायचे.

याच सुमाराला नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर हा आमच्या बँकेत निवृत्त लोकांचा महिना. आपण अजून हयात आहोत हे त्यांनी आम्हाला पटवून द्यायचं असतं. समोर उभा राहिलेला माणूस जिवंत आहे हे मला डोळ्यांनी दिसतं, पण डोळ्यांना रकाना नाही. एक आजोबा आले. फॉर्म मोत्यांसारख्या अक्षरात भरलेला. मी म्हटलं, "पेन्शनच्या आदेशाचा नंबर राहिलाय."

"तो आता पाठ नाही हो."

"घरी कागद असेलच. घेऊन या."

आजोबा गेले. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कागद घेऊन आले. शेजारच्या टेबलावरची सहकारी माझ्या कॉम्प्युटरमध्ये डोकावून म्हणाली, "अहो, हा नंबर तर तुमच्या समोरच आहे की. खाते उघडलं की दुसऱ्याच ओळीत." आजोबांना कमी ऐकू येत असावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. ती मान्य झाली नाही. ते एवढंच म्हणाले, "मग काल सांगायचं होतंत." आणि काउंटरवर दोरीने बांधलेल्या, शाई नसलेल्या पेनाने सही करायला लागले. मी खिशातलं माझं पेन दिलं.

त्या आठवड्यातला शनिवार दुसरा होता, बँकेला सुट्टी. मी एकटाच वाईला गेलो. आई स्वयंपाकघरात होती. मी पाटावर बसलो आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. चौकोनाचौकोनांत दुधाचा हिशेब तर होताच, पण पाडव्यापासून पुढे दुधाच्या शेजारी दुसरेही आकडे होते. ६१. ५८. ५५. ५३. मला आधी वाटलं साखर तपासतेय की काय. पण साखर रोज अशी शिस्तीत उतरत नाही. ४६. ४३. मध्ये एकदा एकदम सात उतरली होती. शेवटचा आकडा कालचा, ९.

शिल्लक ओळखायला मला कुणी शिकवायला नको. हे पासबुक होतं. जमेच्या बाजूला एकही नोंद नाही, नुसतं नावे, नावे, नावे.

"हे काय गं?" मी विचारलं.

"तो फोन आहे ना, त्यात वर कोपऱ्यात आकडा येतो. संपला की फोन बंद, असं खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला. म्हणून तुझ्या फोनाच्या आधी पाच मिनिटं चालू करायचा. बोलून झालं की लगेच बंद."

रोज रात्री नऊला मी फोन करायचो. आई लगेच उचलायची, आणि नव्या फोनची काय किमया, असं मी सौ.ला सांगायचो. दुपारी एक-दोनदा लागला नव्हता, तेव्हा रेंज नसेल म्हणून सोडून दिलं होतं. आणि ते मधले सात? त्या रात्री नातीने शाळेतलं अख्खं गाणं म्हणून दाखवलं होतं.

"म्हणजे सतरा दिवस तू दिवसभर फोन बंद ठेवून एकटी होतीस? रात्री-बेरात्री काही झालं असतं तर?"

"मग लावला असता की. त्यासाठीच तर राखून ठेवला होता."

"अगं, पण चार्जर नाही म्हणून मला सांगायचं नाहीस का?"

आईने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "तूच म्हणालास ना, घरात असेलच. मी शोधत होते."

आणि तिने कपाटाखालून एक पिशवी ओढून काढली. पिशवीत तिच्या जुन्या फोनचा बारीक गोल पिनेचा चार्जर होता. तो तिने पहिल्याच दिवशी लावून पाहिला होता. वडिलांच्या रेडिओची वायर होती. जुन्या मिक्सरची होती. डासांच्या मशीनचं डबडं होतं, आकाशकंदिलाचं होल्डरसकट होल्डरचं टोपण होतं, आणि एका कागदाच्या पुडीत इस्त्रीची, तांबड्या-काळ्या सुती धाग्याने मढवलेली वायर. ट्रंका उघडून, माळ्यावरचं मुलाकडून खाली काढवून, पंचाहत्तराव्या वर्षी तिने घरातली झाडून सगळी वायर जमा केली होती, आणि एकेक टोक त्या फोनच्या तोंडाशी धरून पाहिलं होतं. शिकलेला मुलगा, बँकेत नोकरीला, असेलच म्हणाला म्हणजे असणारच.

मी पायात चपला अडकवल्या आणि बाजारात गेलो. मोबाइलच्या दुकानातल्या पोराने चार्जर समोर ठेवला. साडेचारशे रुपये. "फोनच्या खोक्यात वायर मिळालीय ना? मग वायर घेऊ नका, उगाच पैसे जातील," असंही आपणहून सांगितलं. एवढं बोलायला त्याला पाच सेकंद लागले असतील.

रात्री नऊला पुण्याहून सौ.चा फोन आला तेव्हा कोपऱ्यात १०० चा आकडा होता. आई चाळीस मिनिटं बोलली. नातीला तिने तेच गाणं परत म्हणायला लावलं, आणि मग पहिल्यापासून पुन्हा एकदा. फोन ठेवल्यावर कॅलेंडरपाशी गेली, त्या दिवशीच्या चौकोनात तिने १०० लिहिलं आणि मला विचारलं, "हे जमेत ना?"

मी हो म्हटलं.

मग ती जमिनीवर बसून पिशवीतल्या वायरी एकेक करून गुंडाळायला लागली. प्रत्येक वेटोळ्याला दोऱ्याची गाठ मारून पुन्हा पिशवीत. मी म्हटलं, "आई, आता हे कशाला? टाकून दे सगळं."

"असू दे रे," आई म्हणाली. "कुणाला तरी लागेल."